पोर्ट दहा, म्हणून पंखे दहा? हेडर, हब की नॉबवाला कंट्रोलर, कशावर किती पंखे लावावेत

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मानवतचा एक मिक्सिंगवाला (लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा) पोरगा माझ्या परभणीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला. एका हातात कॉम्प्युटरचं कॅबिनेट, दुसऱ्या हातात कॅरीबॅग. कॅरीबॅगमध्ये ऑनलाइन मागवलेले दिव्यांचे नऊ पंखे आणि दहा पोर्टांचा एक हब, म्हणजे एकाच ठिकाणी दहा पंखे जोडायची पट्टी.

"दादा, पोर्ट दहा हायत, पंखे नऊ हायत. एक पोर्ट उरायलाच की. बसवून द्या."

मशीनला काय होतंय विचारलं. लग्नसराई चालू आहे, रेंडरला (तयार व्हिडिओची फाइल बनवायला) टाकलं की पाऊण तासात मशीन आपोआप बंद पडतंय, म्हणून जितके बसतील तितके पंखे घेऊन टाकले. हिशेब त्याच्या परीनं चुकीचा नव्हता. पण एक्स्टेन्शन बोर्डाला पाच सॉकेट आहेत म्हणून आपण त्यात पाच शेगड्या खोचत नाही. पोर्टांची संख्या सांगते की पिना किती बसतील. वीज किती पेलेल हे ती सांगत नाही.

पंखे घेऊन येणारं गिऱ्हाईक उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी असतं आणि प्रश्न प्रत्येकाचा तोच. म्हणून सगळे पर्याय शेजारी शेजारी मांडतो. ज्याला अजून खरेदी करायची आहे त्याला उपयोग होईल. ज्यानं आधीच कॅरीबॅग भरली आहे त्यालाही होईल.

आधी पंखा उलटा करा

पंख्याच्या मधल्या गोल भागावर, मागच्या बाजूला स्टिकर असतो. तिथं 'डीसी १२ व्होल्ट' आणि त्यापुढं ॲम्पिअरचा आकडा असतो. ०.१०, ०.१८, ०.२५ असा काहीतरी. आपल्या कामाचा आकडा हाच. ॲम्पिअर न देता वॅट दिले असतील तर १२ नं भागा. ३ वॅट म्हणजे पाव ॲम्पिअर.

दिसायला सारखेच १२० मिमीचे पंखे असले तरी आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नॉक्टुआचा एनएफ-एफ१२ पीडब्ल्यूएम फक्त ०.०५ ॲम्पिअर घेतो. त्याच कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ घेतो ०.१४. आणि एनएफ-एफ१२ चाच ३००० आरपीएमचा इंडस्ट्रियल अवतार ०.३ घेतो, म्हणजे पहिल्याच्या सहापट. जुन्या सर्व्हरमधून निघालेले ३८ मिमी जाडीचे पंखे तर एकेकटे एक-दीड ॲम्पिअर सहज ओढतात. त्यामुळे "कंट्रोलरवर किती पंखे चालतील?" या प्रश्नाला पंखा न बघता उत्तर देणारा माणूस अंदाजपंचे दाहोदरसे करतोय.

दिव्यांच्या पंख्यांवर किंवा त्यांच्या खोक्यावर आणखी एक ओळ असते, ५ व्होल्टची. ती दिव्यांची. तिचा हिशेब वेगळा धरायचा. बहुतेक लोक नेमकी हीच ओळ सोडतात. तिच्याकडे पुढं येतो.

स्टिकरचा आकडा पंखा पूर्ण वेगात फिरत असतानाचा असतो. थांबलेला पंखा सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज खेचतो. म्हणून मी कुठल्याही कंट्रोलरची लिहिलेली मर्यादा पूर्ण वापरत नाही, ८० टक्क्यांवर थांबतो. खाली दिलेले सगळे आकडे त्याच हिशेबानं आहेत.

मे महिन्याचा हिशेब जानेवारीत करू नका

पंखा निम्म्या वेगानं फिरला तर वारा निम्मा होतो, पण लागणारी शक्ती साधारण आठवा हिस्साच उरते. वेगाच्या घनाचं गणित आहे ते. पंख्यातल्या चिपचा स्वतःचा थोडा खर्च असतो म्हणून प्रत्यक्षात बरोबर आठवा हिस्सा होत नाही, पण घट मोठी असते. याचा अर्थ असा की थंडीत निम्म्या वेगानं फिरणारे सहा पंखे एका हेडरवर (मदरबोर्डवरच्या पंखा जोडायच्या पिनांवर) टाकले तरी काही होत नाही. चूक झाकली जाते.

आपल्याकडं ती मे महिन्यात उघडी पडते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात ४२-४३ असा येतो तेव्हा पत्र्याखालच्या दुकानाचं काय होत असेल ते सांगायला नको. पंखा कॅबिनेटमधली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर असली की बायोस (मदरबोर्डमधला पंख्यांचा वेग सांभाळणारा प्रोग्राम) सगळे पंखे पूर्ण वेगावर नेऊन ठेवतं आणि ते संध्याकाळपर्यंत खाली येत नाहीत. इंटरनेटवर कुणीतरी "माझ्याकडं एका हेडरवर पाच पंखे तीन वर्षं चालू आहेत" असं लिहितो. तो एसीच्या खोलीत बसलेला असतो.

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. काही वर्षांपूर्वी भंगारातून आणलेले सर्व्हरचे दोन जाड पंखे, स्टिकरवर ०.९ ॲम्पिअर, मी माझ्याच मशीनला वाय केबल (एका टोकाची दोन टोकं करणारी वायर) टाकून एका हेडरवर जोडले. दोन मिळून १.८, हेडर एक ॲम्पिअरचा. फेब्रुवारीत झकास चालले. मार्च गेला. माझी खात्री झाली की मॅन्युअलवाले उगीच घाबरवतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पंखे थांबले. काढून मोलेक्सवर, म्हणजे एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनी प्लगवर लावले तर दोन्ही ठणठणीत. मदरबोर्डवर त्या हेडरशेजारची तांदळाच्या दाण्याएवढी चिप मात्र तपकिरी पडली होती. बोर्ड अजून चालतो, तो हेडर तेवढा कायमचा गेला. सीपीयूचा हेडर वेगळा होता म्हणून थोडक्यात निभावलं.

मदरबोर्डचा हेडर आणि वाय केबल

सगळ्यात स्वस्त रस्ता. वाय केबल शे-दीडशेत मिळते, वेगळा डबा लागत नाही, वेग बायोस सांभाळतं. मॅन्युअलमध्ये साध्या कॅबिनेट फॅन हेडरसमोर बहुतेक १ ॲम्पिअर, १२ वॅट असं लिहिलेलं असतं. काही बोर्डांवर पंपासाठीचा एखादा हेडर २ किंवा ३ ॲम्पिअरचा असतो. पण तो कुठला हे मॅन्युअल उघडूनच बघायचं. बोर्डावर छापलेल्या नावावरून तर्क करायचा नाही.

०.२५ वाल्या पंख्यांच्या हिशेबानं एक ॲम्पिअरच्या हेडरवर तीन पंखे. चार लावले तर बरोबर काठावर, आणि सुरू होताना काठाच्या पार. तीन वायांची वेल करून सहा पंखे लोंबकळवणं म्हणजे पाच एचपीची मोटर अर्ध्या इंची पाइपला जोडणं. वायर कितीही फोडा, पाणी त्या अर्ध्या इंचातूनच येणार.

वाय केबल घेताना दोन टोकांपैकी एकात तीनच पिना आहेत ना, ते बघा. गाळलेली पिन वेग कळवणारी असते. दोन्ही पंखे एकाच वेळी आपला वेग कळवू लागले तर बोर्डाला भलताच आकडा दिसतो.

सॅटावर चालणारा पीडब्ल्यूएम हब

माझं मत आधीच सांगून टाकतो. तीनपेक्षा जास्त पंखे असतील तर दहातल्या नऊ जणांनी हाच घ्यावा.

चार पिनी पंख्याला एक जमीन, एक १२ व्होल्ट, एक वेग कळवणारी आणि एक हुकूम देणारी अशा चार तारा असतात. १२ व्होल्ट त्याला सतत पूर्णच मिळतात. वेग कमी-जास्त करायचं काम पंख्याच्या आतलीच चिप करते, चौथ्या तारेवरून येणाऱ्या इशाऱ्यानुसार. हा इशारा सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होतो, यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. हब एवढंच करतो की इशारा मदरबोर्डकडून घेतो आणि वीज थेट एसएमपीएसकडून, सॅटाच्या म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून. मदरबोर्डवर भार जवळजवळ शून्य. इंटेलच्या नियमावलीप्रमाणं इशाऱ्याच्या तारेत एका पंख्यामागं जास्तीत जास्त ५ मिलिॲम्पिअर जातात. शेतमालक बांधावरून हाक मारतो आणि काम गडी करतात, तसलाच प्रकार.

आता हबची मर्यादा. सॅटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. त्यातल्या तीन १२ व्होल्टच्या, प्रत्येक पिन दीड ॲम्पिअरची. म्हणजे एकूण ४.५ ॲम्पिअर, ५४ वॅट. हबवर पोर्ट आठ असोत नाहीतर सोळा, सॅटाची एकच वायर असेल तर छत ४.५ चंच. काही स्वस्त हबांवर मागं त्याहून कमी आकडा छापलेला असतो. तसं असेल तर तोच खरा. ८० टक्के म्हणजे ३.६ ॲम्पिअर. ०.२५ चे चौदा पंखे. तेवढे पोर्ट तर नसतातच, कॅबिनेटमध्ये तेवढी जागाही नसते. मोटरीच्या बाजूनं हब कमी पडत नाही.

कमी पडतो तो दोन वेगळ्या जागी.

पहिली जागा म्हणजे सॅटाची वायर. मिक्सिंगवाल्यांच्या मशीनमध्ये चार-चार हार्ड डिस्क असतात, मागच्या तीन सीझनची लग्नं त्यांवर भरलेली. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर जवळपास दोन ॲम्पिअर खेचते. एसएमपीएसमधून निघणाऱ्या एकाच वायरीवर चार कनेक्टर ओवलेले असतात. चारही डिस्क त्याच वायरीवर आणि हबही तिच्यावरच, अशी खिचडी मी कितीदा तरी सोडवली आहे. प्रत्येक कनेक्टर आपल्या मर्यादेत असतो, पण मागची वायर सगळ्यांचं ओझं वाहते. हबला डिस्क नसलेली वेगळी वायर द्या.

आणि वायर उरली नाही म्हणून मोलेक्सवरून सॅटा करणारं ते जोडकाम लावू नका. विशेषतः ज्याचं सॅटाचं टोक एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेलं असतं ते. आत तारा एकमेकींच्या अगदी जवळ असतात. गरम होऊन प्लॅस्टिक मऊ पडलं की तारा सरकून एकमेकींना भिडतात आणि तिथं आग लागते. ज्याच्या टोकाला मागून तारा एकेक करून दाबून बसवलेल्या दिसतात, ते त्यातल्या त्यात बरं.

दुसरी जागा, दिवे. यावर थोडं थांबतो, कारण मानवतच्या पोराची गाडी इथंच अडली होती.

रंग बदलणाऱ्या प्रत्येक एलईडीत तीन रंग असतात. नेहमीच्या धाटणीत एका रंगाला २० मिलिॲम्पिअर. तिन्ही रंग पूर्ण उजेडात पेटले, म्हणजे पांढरा लख्ख, की एका दिव्याला ६०. त्याच्या पंख्यात दहा दिवे होते आणि खोक्यावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ५ व्होल्ट, ०.६ ॲम्पिअर. नऊ पंख्यांचे झाले ५.४. सॅटामध्ये ५ व्होल्टलाही तीनच पिना आणि छत तेच, साडेचार.

म्हणजे त्याच्या हबवर नऊ पंख्यांच्या मोटरी आरामात चालत होत्या, नऊ गुणिले पाव म्हणजे सव्वादोन ॲम्पिअर. नऊ पंख्यांचे दिवे मात्र चालत नव्हते. रंगीत नाच चालू असताना सगळे रंग एकाच वेळी पूर्ण पेटत नाहीत म्हणून रोज काही झालं नसतं. एखाद्या दिवशी कुणीतरी सगळे पांढरे करून फोटो काढला असता. आमच्या ८० टक्क्यांच्या हिशेबानं दिव्यांसकट सहा पंखे, त्याच्या पुढं नाही.

जाता जाता, ५ व्होल्टच्या दिव्यांची तीन पिनी वायर बोर्डावरच्या १२ व्होल्टच्या चार पिनी दिव्यांच्या हेडरमध्ये घुसवू नका. घुसली तर दिवे गेलेच. वॉरंटीही मिळत नाही.

हबच्या वापरातल्या तीन-चार गोष्टी. ज्या हेडरमधून इशारा घेता तो बायोसमध्ये 'पीडब्ल्यूएम'वर ठेवा, 'डीसी'वर नाही. तीन पिनी जुना पंखा हबवर लावला तर तो कायम पूर्ण वेगानं बोंबलत राहील, कारण हुकमाची तार त्याला नाहीच. बहुतेक हब फक्त पहिल्या पोर्टवरच्या पंख्याचा वेग बोर्डाला कळवतात. बाकीचा एखादा धुळीनं अडकून थांबला तरी स्क्रीनवर काही दिसत नाही, महिन्यातून एकदा झाकण काढून डोळ्यांनीच बघायचं. आणि सीपीयूचा पंखा हबवर नेऊ नका. तो त्याच्या स्वतःच्या हेडरवरच राहू द्या. थांबला तर निदान बोर्ड ओरडेल.

नॉबवाला कंट्रोलर

पुढच्या बाजूला गोल नॉब असलेला, डीव्हीडी रायटरच्या जागेत बसणारा. आता नव्या कॅबिनेटला ती जागाच नसते, पण जुन्या कॅबिनेटवाल्यांना हा अजून आवडतो. नॉब फिरवला की आवाज कमी, हे सुख मोठं आहे, नाकारत नाही.

याचा हिशेब पंख्यांवर नाही, चॅनेलवर असतो. प्रत्येक नॉब एक चॅनेल, आणि खोक्यावर प्रति चॅनेल अमुक वॅट लिहिलेलं असतं. १० वॅटचं चॅनेल म्हणजे साधारण ०.८३ ॲम्पिअर, हेडरपेक्षाही कमी. त्यावर ०.२५ चे दोन पंखे. ३० वॅटचं असेल तर अडीच ॲम्पिअर, आठ पंखे.

पण इथंही अर्धा इंची पाइप लपलेला आहेच. ३० वॅटचे चार चॅनेल म्हणजे १२० वॅट, १० ॲम्पिअर. हे सगळं मोलेक्सच्या एका पिवळ्या तारेतून येणार. चारही चॅनेल ठासून भरायचा विचार असेल तर तो सोडा. एकूण भार मोलेक्सला पाच ॲम्पिअरच्या आतच ठेवावा हे माझं मत. कागदावर ती पिन जास्त पेलते, पण दहा वेळा काढून-घालून सैल झालेली पिन कागद वाचत नाही.

दुसरी गोष्ट खोक्यावर नसते. साधे नॉबवाले कंट्रोलर व्होल्टेज कमी करून वेग कमी करतात आणि कमी केलेलं व्होल्टेज उष्णता बनून कंट्रोलरमध्येच राहतं. गंमत म्हणजे नॉब पूर्ण उघडा असताना कंट्रोलर कमी तापतो, मधोमध असताना जास्त. समजा चार पंखे एका चॅनेलवर आहेत आणि नॉब ७ व्होल्टला. पंखे तेव्हा एकूण ०.७ ॲम्पिअर घेत असतील, तर उरलेले ५ व्होल्ट गुणिले ०.७, म्हणजे साडेतीन वॅट बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्झिस्टरमध्ये जळतात. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा नसेल तर बोट टेकवणार नाही. गारव्यासाठी आणलेली वस्तू स्वतःच शेगडी होते. 'पीडब्ल्यूएम' लिहिलेल्या नॉबवाल्यांत ही अडचण नसते, ते इशाराच बदलतात.

आणि आपल्याकडचं खरं दुखणं वेगळंच आहे. नॉब माणसानं फिरवायचा असतो. सकाळी गार असताना कमी केलेला नॉब दुपारी वाढवायचा कुणाच्या लक्षात राहतो? नॉब खाली आणि रेंडर चालू असलेली मशीन माझ्याकडं दरसाल येतात.

कॅबिनेटसोबत आलेला रिमोटवाला हब, आणि थेट मोलेक्स

रिमोटवाल्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पंख्यांचा प्लग सहा पिनी असतो, बाजारातला दुसरा पंखा त्यात बसत नाही, आणि वेग बऱ्याचदा बोर्डाच्या हातात नसतो. सोबत आलेले पंखे तेवढे चालवा, वाढवू नका. त्यावर किती ॲम्पिअर पेलतात हे बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसतं. जिथं लिहिलेलं नाही तिथं मी वाढवत नाही.

थेट मोलेक्सवर पंखा लावणं गावठी वाटतं, पण सर्व्हरच्या जाड पंख्यांना हाच मार्ग. वेग कमी होणार नाही आणि आवाज शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जाईल, एवढं मान्य असेल तर.

एका नजरेत

८० टक्क्यांच्या मर्यादेत, फक्त मोटरीचा हिशेब. दिव्यांचा वेगळा करायचा.

| स्टिकरवरचा आकडा | हेडर, १ ॲम्पिअर | सॅटा हब, ४.५ ॲम्पिअर | नॉब, चॅनेलला १० वॅट | नॉब, चॅनेलला ३० वॅट |
|---|---|---|---|---|
| ०.०५ | १६ | पोर्ट आधी संपतील | १३ | ४० |
| ०.१४ | ५ | २५ | ४ | १४ |
| ०.२५ | ३ | १४ | २ | ८ |
| ०.३० | २ | १२ | २ | ६ |
| १.५ | एकही नाही | २, पण मी १ च लावेन | एकही नाही | १ |

पहिल्या ओळीतले सोळा पंखे एका हेडरवर कुणी लावू नये, आकडा फक्त गणितात बरोबर आहे. तेवढ्या वाय केबलींचे सांधे मोजले तर त्यातला एखादा सैल असणारच, आणि सैल सांधा आपल्या हिशेबाबाहेर तापतो.

व्होल्टेजच्या चढउताराची भीती बरेच जण विचारतात. बाहेर १८० होऊ द्या नाहीतर २५०, धड एसएमपीएस पंख्यांना १२ व्होल्ट ५ टक्क्यांच्या फरकातच देतो. पंख्यांसाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. एसएमपीएसच बेभरवशाचा असेल तर पंखे ही शेवटची काळजी आहे.

मग कोणी काय घ्यायचं

घरचं मशीन, पोरांची शाळा, थोडं ऑफिसकाम, दोन-तीन पंखे. हेडर आणि एखादी वाय केबल पुरे, हबवर पैसे घालू नका. सेतू किंवा सीएससी केंद्राचं मशीन दिवसभर चालू असतं पण तापत नाही, त्यालाही हेच. तिथं पंख्यापेक्षा जाळी साफ ठेवणं जास्त कामाचं.

मिक्सिंग, फ्लेक्स डिझाइन, गेम, म्हणजे तासन् तास जोर लावणारं काही असेल तर सॅटाचा हब, आणि एसएमपीएसची एक वायर त्याच्यासाठी मोकळी. पंखे शक्यतो बिनदिव्यांचे. दिवे हवेतच असतील तर पुढच्या तिघांना.

जुनं कॅबिनेट, तीन पिनी पंखे, आणि आवाजाचा खरोखर त्रास असेल तर नॉबवाला. चॅनेलला किती वॅट ते बघून, आणि मार्च ते जून नॉब पूर्ण उघडा ठेवायची तयारी असेल तरच.

सर्व्हरचे पंखे भंगारातून आणले असतील तर त्यांना कुठल्याही हेडरच्या वाटेला जाऊ देऊ नका. माझ्या बोर्डावरचा तपकिरी डाग दुकानात येऊन बघून जा.

मानवतच्या पोराचं कॅबिनेट उघडलं तेव्हा पंखे जोडायची वेळच आली नव्हती. पुढची जाळी पांढरी फटक होती. धूळ नव्हे, कापूस. दुकान जिनिंगच्या रस्त्यावर आणि मशीन टेबलाखाली जमिनीवर. हिवाळाभर उडालेले तंतू जाळीवर बसले होते. शिवाय समोर कूलर, त्याच्या ओलाव्यानं त्या तंतूंचा नमदा तयार झालेला. बोटानं सोलला तर अख्खाच्या अख्खा निघून आला, गोधडीच्या अस्तरासारखा. आतले तीन जुने पंखे इमानदारीत फिरत होते, पण त्यांना ओढायला हवाच मिळत नव्हती. त्यांच्या जागी नऊ लावले असते तरी तेच झालं असतं.

"पंखे तर सगळे फिरायले होते दादा, मग गरम का व्हायलं होतं?" तो नमदा हातात धरून त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसला.

ब्लोअर मारला, सीपीयूची पेस्ट बदलली, पाच नवे पंखे हबवर लावले. तीन पुढं, एक मागं, एक वर. हबला स्वतःची वायर दिली, डिस्क चार होत्या त्या दोन वायरींवर दोन-दोन वाटल्या. मोटरीचे सव्वा ॲम्पिअर, दिवे फक्त पुढच्या तिघांचे, म्हणजे १.८ ॲम्पिअर. पुढचे तीन तरी चमकले पाहिजेत, गिऱ्हाईक बघतं, हा त्याचा आग्रह होता. पाचांचेही पेटले असते तरी हिशेबात बसत होतं, म्हणून मी वाद घातला नाही. मग त्याचंच एक जुनं लग्न रेंडरला टाकलं. अर्ध्या तासानं हबचा सॅटा कनेक्टर चिमटीत धरून पाहिला, कोमट. चटका बसला असता तर एक पंखा काढला असता. मशीन दीड तास चाललं आणि लग्न एकदाचं लागलं.

उरलेले चार पंखे परत करायला त्याचं मन होईना. "इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावू का? ती पण बाराचीच हाय की."

बाराचीच आहे, पण चार्जिंगला असते तेव्हा चौदाच्या आसपास जाते, आणि बाराच्या पंख्यांना बहुतेक वेळा तेवढी सवय नसते. लावायचेच तर मधे १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाक, म्हटलं. तो रेग्युलेटर आणायला स्टेशन रोडला गेला, आणि जाताना कापसाचा तो नमदाही पिशवीत घालून घेऊन गेला. बापाला दाखवायचा होता म्हणे, टेबल का घ्यायचंय ते पटवायला.